शेवटच्या नळाचं पाणी पिवळं होतं का?

पाणी नितळ दिसलं म्हणून ते पिण्याजोगं असतंच असं नाही. जुलाबाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून टाकीत टीसीएल पावडर टाकतात. पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की तिचा जोर जातो. गटाराजवळची पाइप फुटली, तर शुद्ध केलेलं पाणीही वाटेत नासतं. म्हणून तपासणी फक्त टाकीजवळ नको, वस्तीच्या शेवटच्या नळावरही हवी. जलसुरक्षकाला तिथं आपल्यासमोर ओटी टेस्ट करायला सांगा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन पोचलंय. रंग आलाच नाही, तर पाणी खळखळून उकळून प्या आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवा. बचत गटाच्या वहीत तारीख आणि रंग लिहा. ग्रामसभेत तीच नोंद पुढं ठेवा.