पडद्यावरचा भाव आणि त्याचा ताळा

२८ ऑक्टोबर २०२४. सोमवार, वसुबारसेचा दिवस. दिवाळीच्या खरेदीसाठी पैसे काढणाऱ्यांची शाखेत रीघ लागलेली होती. त्या गर्दीतून वाट काढीत आमचे एक तरुण ग्राहक माझ्या टेबलापाशी येऊन बसले. घरच्या संगणकावरून शेअर बाजारात नित्य व्यवहार करणारे हे गृहस्थ एरवी मोठे हसतमुख; पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता. "साहेब, शुक्रवारी २६५५ रुपयांच्या आसपास बंद झालेला रिलायन्सचा शेअर आज १३४० च्या घरात आला. संगणकाने विक्रीचा इशारा दिला आणि मी होते नव्हते ते सगळे विकून टाकले!"

वस्तुस्थिती अशी होती, की त्या दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजच्या एकास एक बोनस शेअरची नोंद तारीख होती. एका शेअरचे दोन होणार, म्हणून भाव निम्मा झाला. भागधारकाच्या संपत्तीत त्यामुळे काहीच उणे झाले नव्हते. बाजार चुकला नव्हता, पडद्यावरचा भावही खराच होता. चुकली होती ती त्यांच्या आज्ञावलीतील जुन्या भावांची नोंद. बोनसनंतर मागील सर्व भाव निम्मे करून घ्यायला हवे होते, ते झाले नाही. कालचे माप शेराचे आणि आजचे किलोचे, असा तो प्रकार झाला. मनात नसताना केलेली विक्री, दुसऱ्या दिवशी पुन्हा खरेदी, दोन्ही वेळची दलाली आणि कर, एवढा भुर्दंड त्यांना एका न जुळवलेल्या आकड्यापायी सोसावा लागला.

बँकेत दिवसाअखेर रोकड आणि खतावणी जुळल्याशिवाय आम्ही टेबल सोडीत नाही. बाजारातील आकड्यांवर ज्यांची रोजची कमाई अवलंबून आहे, त्यांनीही हीच शिस्त अंगी बाणवणे अगत्याचे आहे.

भाव पडद्यापर्यंत येतो कसा?

खरेदीदार आणि विक्रेता यांचे आदेश बाजाराच्या मुख्य संगणकात जुळतात आणि सौदा होतो. त्या सौद्याची वार्ता बाजार प्रसारित करतो. ती दलालाकडे किंवा माहिती पुरविणाऱ्या संस्थेकडे जाते आणि तेथून इंटरनेटच्या मार्गाने आपल्या पडद्यावर उतरते. म्हणजे चूक तीन ठिकाणी संभवते : उगमापाशी, वाटेत किंवा आपल्या घरी. दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे चूक यांपैकी कोठे आहे हे ठरविणे. ते न करता संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे हा उपाय नव्हे, ती केवळ मनाची समजूत.

उगमापाशी अडथळा

२४ फेब्रुवारी २०२१ हा दिवस अनेक व्यापाऱ्यांच्या स्मरणात आहे. त्या सकाळी दहाच्या सुमारास राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांकांचे आकडे बदलेनासे झाले. पावणेबाराच्या आत तेथील व्यवहारच थांबवावे लागले. दूरसंचार जोडण्यांतील बिघाडापासून ही मालिका सुरू झाली होती. मुंबई शेअर बाजार मात्र चालू होता. दुपारी नेहमीची वेळ संपत आली तेव्हा अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे तेथेच मिटवून टाकले. आणि मग राष्ट्रीय बाजार ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा उघडून ५ वाजेपर्यंत चालला. ज्यांचे सौदे आधीच मिटले होते, त्यांच्या हाती हळहळ तेवढी उरली.

या प्रसंगाचा धडा असा, की चुकीच्या भावापेक्षा गोठलेला भाव अधिक घातक असतो. चुकीचा भाव डोळ्यांत खुपतो. गोठलेला भाव मात्र खऱ्यासारखा दिसतो. म्हणून पडद्यावर भावाशेजारी 'शेवटच्या सौद्याची वेळ' हा रकाना अवश्य ठेवावा. एरवी सतत उलाढाल असलेल्या शेअरची ही वेळ पुढे सरकत नसेल, तर नवा आदेश देण्यापूर्वी दुसऱ्या बाजारातील भाव पाहावा. जानेवारी २०२३ मध्ये सेबीने अशा खंडाबाबत कार्यपद्धती घालून दिली. तीनुसार बिघाडाची सूचना बाजाराने १५ मिनिटांच्या आत देणे अपेक्षित आहे. अफवांवर विसंबण्याऐवजी त्या सूचनेची वाट पाहणे शहाणपणाचे.

वाटेतली गळती

वेगवान प्रसारणात प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असतो. धनादेश पुस्तिकेत ४१ नंतर एकदम ४४ क्रमांकाचे पान आले, तर मधली दोन पाने गेली कोठे, असे आपण लगेच विचारतो. संगणकही तेच करतो. अनुक्रमात खंड पडला, की हरवलेले संदेश पुन्हा मागवून घेता येतात. जेथे ही सोय नाही, तेथे दिवसाचा उच्चांक किंवा नीचांक गळून जाण्याचा धोका राहतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सामान्य ग्राहकाला बहुधा प्रत्येक सौदा दिसत नाही. ठरावीक क्षणांनी टिपलेले चित्र दिसते. त्यामुळे दोन संस्थांच्या आलेखांत एकाच मिनिटाचे उच्चांक थोडे निराळे असू शकतात. ही चूक नव्हे, टिपण्याच्या क्षणांतील तफावत आहे.

घरातले दोष

सर्वाधिक दोष आपल्याच दारात सापडतात. संगणकाचे घड्याळ मिनिटभर मागे असेल, तर सौदे भलत्याच मिनिटाच्या खाती पडतात. घड्याळ इंटरनेटवरील प्रमाण वेळेशी आपोआप जुळेल अशी व्यवस्था करणे हा त्यावरचा सोपा इलाज आहे. कंपनीचे सांकेतिक नाव बदलले, की जुना आलेख तुटतो. तेथे जुन्या व नव्या नावाची सांधेजोड करावी लागते. कधी धारिकेची रचनाच बदलते. जुलै २०२४ मध्ये बाजाराच्या दैनिक भावपत्रकाचे, म्हणजे 'भावकॉपी'चे, स्वरूप बदलले तेव्हा जुन्या रकान्यांवर बेतलेल्या आज्ञावल्या अडून बसल्या. शनिवारी होणाऱ्या सराव सत्रातील लुटुपुटीचे भावही नोंदीत शिरणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

दुरुस्तीची शिस्त

पहिला नियम : मूळ नोंद कधीही खोडू नये. तिची प्रत बाजूला ठेवून दुरुस्ती दुसऱ्या प्रतीत करावी आणि काय, केव्हा व का बदलले ते लिहून ठेवावे. दुसरा नियम : खंड अंदाजाने भरू नये. अधिकृत आकडा मिळेपर्यंत जागा रिकामी राहिलेली बरी. तिसरा नियम : रोज सायंकाळी आपले आकडे भावकॉपीशी ताडून पाहावेत. मात्र बंद भाव आणि शेवटच्या सौद्याचा भाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात असावे.

चौथा नियम सर्वांत नाजूक आहे. विचित्र दिसणारा प्रत्येक आकडा खोटा नसतो. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी ६५० कोटी रुपयांहून अधिक मूल्याच्या ५९ चुकीच्या आदेशांमुळे निफ्टी काही क्षणांत सुमारे ९०० अंकांनी कोसळला. आदेश चुकीचे होते, परंतु सौदे प्रत्यक्ष झाले होते. ती रेघ 'संगणकाची चूक' म्हणून पुसून टाकणारा आपल्याच अनुभवाच्या वहीतले एक मोलाचे पान फाडतो.

सदोष भावामुळे नुकसान झालेच, तर पडद्याचे चित्र, वेळ आणि आदेश क्रमांक तत्काळ जतन करावेत. दलालाच्या करारपत्राशी ते पडताळावेत. आणि आधी दलालाकडे, समाधान न झाल्यास सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार निवारण व्यवस्थेकडे दाद मागावी.

आमच्या त्या तरुण ग्राहकांनी आता संगणकाशेजारी एक साधी वही ठेवली आहे. बोनस, विभाजन आणि लाभांश यांच्या तारखा तीत आगाऊ लिहिलेल्या असतात. संगणकाचा इशारा आला, की ते आधी ती वही उघडतात. त्याला फार तर अर्धे मिनिट लागते. पण विक्रीची कळ दाबण्यापूर्वीचे ते अर्धे मिनिटच त्यांच्या भांडवलाची राखण करते.