लाल टोपण, नारिंगी टोपण

इन्सुलिनच्या दोन सिरिंज ट्रेमध्ये शेजारी ठेवल्या, तर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला टोपणाच्या रंगापलीकडे फारसा फरक दिसत नाही. दोन्ही एक मिलीलिटरच्या, दोन्हींची सुई तितकीच बारीक. पण लाल टोपणाच्या सिरिंजवर एका मिलीलिटरला ४० युनिट धरून रेघा आखलेल्या असतात, नारिंगीवर १०० धरून. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या. पेनमधली कार्ट्रिज सहसा १०० ची.

समजा, केसपेपरवर २० युनिट लिहिलेत. ४० ची बाटली, लाल सिरिंज, २० ची रेघ: अर्धा मिलीलिटर, डोस बरोबर. त्याच बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरले, तर औषध येते ०.२ मिलीलिटर, म्हणजे जेमतेम ८ युनिट. साखर उतरत नाही, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात; आणि पुढच्या ड्यूटीवरची सिस्टर योग्य सिरिंज घेते, तेव्हा तो वाढीव डोस पुरताच्या पुरता अंगात जातो. उलटा प्रकार याहून वाईट. पेनची सुई संपली म्हणून कार्ट्रिजमध्येच लाल सिरिंज खुपसली, की २० च्या रेघेला तब्बल ५० युनिट भरतात.

मुळात हे युनिट आले कुठून? १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिनचा अर्क काढला. त्याची शुद्धता दर घाण्याला बदलायची, त्यामुळे वजनावर भरवसा ठेवता येईना. मग सशाची रक्तशर्करा किती उतरते, यावरून अर्काची ताकद ठरू लागली. इन्सुलिनचे युनिट परिणामावरून ठरले, ते असे. एका मिलीलिटरात किती युनिट, हे मात्र बाटलीवर वाचावेच लागते.

घाईच्या अक्षराचा धोका वेगळाच. युनिटसाठी आकड्याला चिकटून इंग्रजी ‘यू’ काढला, की तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम पहिल्या वर्षी सगळ्यांचे तोंडपाठ असतात. माझ्या मते त्यांतल्या वेळेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. साधे रेग्युलर इन्सुलिन त्वचेखाली दिल्यावर अर्ध्या तासाने काम सुरू करते आणि साधारण दोन ते चार तासांनी त्याचा जोर सर्वाधिक असतो. तपासणीसाठी रुग्णाला उपाशी ठेवले असेल किंवा जेवणाची गाडी रखडली असेल, तर बरोबर मोजलेला डोसही साखर धोक्याच्या खाली नेतो. घाम, थरथर, धडधड, मग बोलण्यात गोंधळ. तोच रुग्ण रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल घेत असेल, तर थरथर आणि धडधड दबून जातात. घाम मात्र सुटतो. फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात ही दोन औषधे वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, वॉर्डात एकाच खाटेवर.

डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांना बाटली आणि सिरिंज दोन्ही समोर काढायला सांगावे, बाटलीवरचा आकडा त्यांच्याकडूनच वाचून घ्यावा आणि डोस त्यांनाच भरायला लावावा. घराजवळच्या मेडिकलवाल्याने हाताला लागेल ती सिरिंज दिली, तर ती घेऊ नका, हे तेव्हाच सांगून ठेवावे.