भोंगा वाजला, पण ऐकणार कोण?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मध्ये जिते नावाचं लहानसं स्थानक लागतं. पेण तालुक्यातलं हे गाव मुंबई-गोवा महामार्गालाही जवळ. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईकरांच्या दृष्टीने हा सगळा पट्टा एकदम हाकेच्या अंतरावर आला. इथे नवं घर बांधणारे बरेच जण ते शनिवार-रविवारसाठी बांधतात. बाकीचे पाच दिवस दाराला कुलूप.

घरफोड्याला नेमकं हेच हवं असतं. ‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द मराठी वृत्तपत्रांतल्या गुन्हेवार्तांत इतक्या वेळा येतात, की ते छापताना खिळे जुळवायचीही गरज पडू नये. अशा घरात सोनंनाणं नसतंच. पण इन्व्हर्टरची बॅटरी, पाण्याची मोटर, गॅस सिलिंडर, टीव्ही, पितळी तोट्या एवढं असतं आणि भुरट्या चोराला ते पुरतं. मग वास्तुशांतीच्या आधी कुणीतरी सुचवतं, ‘एक अलार्म बसवून टाक, स्वस्तात मिळतो.’ मिळतो हे खरं. दारावर चिकटवायचं चिमुकलं यंत्र दोन-तीनशे रुपयांत येतं, तर सिमकार्डावर चालणारा बिनतारी संच चार ते आठ हजारांच्या घरात जातो. प्रश्न पैशांचा कमी आणि यंत्राला काय कळतं, काय कळत नाही याचा जास्त आहे.

विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचा पहिला पेटंट-हक्क अमेरिकेत २१ जून १८५३ रोजी ऑगस्टस रसेल पोप यांना मिळाला. हे गृहस्थ बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावचे ख्रिस्ती धर्मोपदेशक. दार-खिडकी उघडली की मंडल पूर्ण व्हायचं, विद्युतचुंबक थरथरायचा आणि घंटा वाजायची. चोराने दार पुन्हा लोटून घेतलं तरी ती थांबायची नाही. १८५७ मध्ये एडविन होम्स या व्यापाऱ्याने हे हक्क विकत घेतले आणि चोरघंटेचा धंदा उभा राहिला. पण या मांडणीत एक उणीव होती: तार आधीच कापली, तर घंटा गप्प. पुढे मंडल उलटं केलं गेलं. प्रवाह सतत वाहता ठेवायचा. दार उघडो वा तार तुटो, तो खंडित झाला की घंटा. तारेच्या अलार्ममध्ये आजही हीच युक्ती वापरतात.

दारावरच्या स्वस्त यंत्राचं हृदय म्हणजे रीड स्विच. बेल प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये टेलिफोनच्या कामासाठी तो घडवला. काचेच्या बारीक नळीत निकेल-लोखंडाच्या दोन पात्या, एकमेकींपासून केसभर अंतरावर. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. नळी बंद असल्यामुळे आत ना धूळ शिरते ना खारी हवा. चौकटीला स्विच, दाराला चुंबक, झालं काम. बॅटरीचा खर्चही जवळपास नाही. अलार्मच्या साऱ्या बाजारात इतका साधा आणि इतका प्रामाणिक भाग दुसरा नाही.

तरी कोकणात त्याच्याही खोड्या आहेत. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, खाली घासायला लागतं आणि चुंबक-स्विचमधलं अंतर बदलतं. साध्या स्विचला दीड-दोन सेंटिमीटरच्या आत चुंबक लागतो. बसवताना मोजूनमापून केलेली जुळणी जुलैत चुकते आणि मध्यरात्री उगाचच भोंगा. लोखंडी सेफ्टी डोअरवर तर चुंबकाचं क्षेत्र लोखंडच ओढून घेतं आणि पल्ला आणखी घटतो. अशा दाराला प्लॅस्टिकची जाड पट्टी मध्ये घालावी किंवा शटरसाठी मिळणारा दणकट स्विच घ्यावा.

दुसरा भाग म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात बसवतात तो पांढरा, फुगीर भिंगाचा डबा: पीआयआर. तो काहीही सोडत नाही, फक्त बघतो. तेही दृश्य प्रकाशात नव्हे. प्रत्येक उबदार वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. माणसाच्या कातडीचं तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि वीनच्या नियमाने हिशेब केला, तर तिच्या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीजवळ येतो. ते पकडायला डब्यात असतो उष्णतेतल्या बदलाबरोबर वीज निर्माण करणारा स्फटिक किंवा सिरॅमिकचा तुकडा. यातली गंमत अशी, की भोंग्याच्या आत थरथरणारी चकतीही याच कुळातली. प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं, की काही स्फटिक दाबले की वीज देतात. लेड झिर्कोनेट टायटॅनेट हे आजचं सिरॅमिक दोन्ही कामं करतं: एका टोकाला ऊब ओळखतं, दुसऱ्या टोकाला बोंब मारतं.

डब्यावरचं भिंग फ्रेनेल जातीचं. फ्रेंच शास्त्रज्ञ ओगुस्तँ फ्रेनेल यांनी ही रचना १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी केली. इथे ती पातळ पॉलिथिनवर उठवलेली असते. हे भिंग खोलीचे पट्टे पाडतं. कुणी आडवं चालत गेलं, की गजांच्या खिडकीतून पाहावं तसा तो दिसतो, लपतो, पुन्हा दिसतो आणि संवेदकाला त्या चढउताराचीच दखल घ्यायची असते. म्हणून समोरून सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. डबा दारासमोर लावण्यापेक्षा दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात, सात-आठ फूट उंचीवर लावायचा तो याच कारणाने.

आता जित्यातला मे महिना घ्या. घर आठवडाभर बंद, वर तापलेला स्लॅब. आतल्या भिंतीच ३३-३४ अंशांवर गेल्या, तर माणूस आणि भिंत यांत फरक उरला कुठे? पीआयआर तापमान मोजत नाही, फरक ओळखतो. फरकच नसेल तर तो आंधळा. बऱ्या दर्जाच्या उपकरणात तापमानानुसार संवेदनशीलता वाढवायची सोय असते. खोक्यावर तसं लिहिलेलं आहे का, एवढं पाहून घ्यावं. काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून बंद खिडकीपलीकडचा चोर त्याला दिसायचा नाही, आणि ते एका परीने बरंच आहे.

आणि पाल! तिचं अंग थंड, आकार चिमुकला. पण ती थेट भिंगावरून चालली तर संवेदकाच्या लेखी ती माणसाएवढी. कोकणात डब्याच्या उबेला पाल आणि मुंग्या हमखास येतात. तारेच्या भोकात सिलिकॉन भरून ते बुजवणं हा दहा मिनिटांचा उपाय गवंडी आणि वायरमन दोघेही विसरतात. ‘पाळीव प्राण्यांना ओळखतो, २५ किलोपर्यंत’ असं खोक्यावर असलं तरी ते जमिनीवरच्या कुत्र्यापुरतं. कपाटावर उडी मारणाऱ्या मांजराला ते लागू होत नाही.

खोट्या भोंग्यांचा हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या हाकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त खोट्या निघत. अखेर सॉल्ट लेक सिटीने २००० साली नियमच केला, की आधी कुणीतरी प्रत्यक्ष खात्री करावी, मगच पोलीस निघतील. गावात तर असा नियम करायलाही कुणी लागत नाही. तीनदा उगाच वाजलेल्या भोंग्याला चौथ्यांदा शेजारी अंथरुणातून उठत नाही.

इथे मूळ प्रश्न येतो. भोंगा १ मीटरवर ११० डेसिबल देतो, असं जाहिरात सांगते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. म्हणजे १०० मीटरवर उरतात सुमारे ७०. भोंगा बंद घरात असेल, तर भिंती आणि मिटलेल्या खिडक्या आणखी वीस-तीस खातात. त्यात जुलैचा पाऊस पत्र्यावर आपटत असेल, तर पुढच्या आळीला काहीही ऐकू जाणार नाही. शनिवार-रविवारच्या घराला आतला भोंगा म्हणजे चोराच्या कानाला त्रास, एवढंच. तो बाहेर, पागोळीखाली, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर हवा. शिवाय मालकाच्या फोनवर निरोप हवा.

निरोप जातो दोन वाटांनी. वायफायची वाट स्वस्त, पण वीज गेली की राउटर झोपतो आणि अलार्मही. पेण-रोह्याला हे नवं नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. म्हणून सिमकार्डाचा संच बरा. पण त्यातही एक मेख आहे: स्वस्त संचांपैकी पुष्कळ केवळ २जी जाळ्यावर चालतात आणि जिओचं जाळं ४जी-५जीचंच आहे. जिओचं सिम घातलं की संच मुका. आधी घरापाशी उभं राहून कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहावं, मग संच निवडावा. अलार्ममधल्या सिमला रिचार्ज लागतो, ही गोष्ट तर मुदत संपून दोन महिने झाल्यावरच लक्षात येते.

बॅटरीचं गणित सोपं आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणि १०० मिलिअँपिअर ओढणारा संच: कागदावर ७० तास. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे धरावेत, कारण शिसे-आम्लाची बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते.

बिनतारी संच घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारायच्या. संवेदकाची बॅटरी संपली तर संचाला कळतं का? अगदी स्वस्तातल्यांना कळत नाही. मेलेला संवेदक आणि शांत घर त्यांना सारखंच. आणि रिमोटचा संकेत दर वेळी बदलतो का? ठरावीक संकेताचा रिमोट असेल, तर तो कुणीही हवेतून टिपून पुन्हा पाठवू शकतो. अर्थात कटावणी घेऊन आलेला चोर एवढ्या भानगडीत पडत नाही.

चोर मग कशाला घाबरतो? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या जोसेफ कून्स यांनी तीन राज्यांतल्या ४२२ शिक्षा झालेल्या घरफोड्यांनाच हे विचारलं. सुमारे ६० टक्के म्हणाले, अलार्म असेल तर दुसरं घर बघू. ब्रिटनमधून मात्र सावध करणारं उत्तर आलं. इंग्लंड-वेल्सच्या गुन्हे सर्वेक्षणावर आधारलेल्या अभ्यासात दारांना पक्की कुलपं, खिडक्यांना अटकाव, आतले वेळेवर लागणारे दिवे आणि बाहेरचे चाहूल लागताच पेटणारे दिवे या चौकडीने खरी कामगिरी केली. एकटा अलार्म तिच्यापुढे फिका पडला. जित्याच्या भाषेत सांगायचं, तर आधी कोयंडा आरपार बोल्टने बसवा, मागच्या दाराला आडणा घाला, खिडकीचे गज चौकटीत गाडा, ओटीवर टायमरचा दिवा लावा. त्यानंतर उरलेल्या पैशांत दोन दारांना रीड स्विच, दिवाणखान्यात एक पीआयआर, बाहेर एक भोंगा. कॅमेरा हवाच असेल तर शेवटी. तो बहुतेकदा झालेली चोरी दाखवतो.

सगळ्यात स्वस्त अलार्म मात्र दुकानात मिळत नाही. नाशिक, पुणे, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतल्या गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते: गावकरी एका टोल-फ्री क्रमांकावर फोन करून बोलला, की तोच आवाज एकाच वेळी गावातल्या सगळ्यांच्या फोनवर वाजतो. जुन्या गावगाड्यातल्या जागल्याचं हे काम आता फोन करतो. जिथे ही सोय नाही, तिथे आळीतल्या पाच-सहा घरांचे क्रमांक संचात भरता येतात. बहुतेक संचांत तेवढी जागा असते.

पण ऐकणाऱ्याने काय करायचं, हेही आधी ठरलेलं असावं. याच रायगड जिल्ह्यात दिवेआगरच्या सुवर्णगणेश मंदिरावर २४ मार्च २०१२ रोजी दरोडा पडला, तेव्हा दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. म्हणून शेजाऱ्याला किल्ली द्यावी, भोंग्याचा आवाज एकदा मुद्दाम वाजवून ऐकवावा आणि बजावून सांगावं: रात्री वाजला तर आत जायचं नाही, अंगणातला दिवा लावायचा, इतरांना हाक मारायची आणि ११२ फिरवायचा.