मीठ मागितलं, तेवढाच संपर्क

‘ताप नाही, खोकला नाही, मग त्या माणसाकडून लागण होते कशी?’ कोविडच्या काळात घरोघरी विचारला गेलेला हा प्रश्न रास्त आहे. ताप आणि अंगदुखी हे बरंचसं आपल्याच प्रतिकारशक्तीचं काम. ती पुरती जागी होईपर्यंत विषाणू नाकाघशात भरपूर वाढलेला असतो. बाहेर पडायला त्याला खोकलाच लागतो असंही नाही. बोलताना, गाताना उडणारे सूक्ष्म थेंब पुरतात.

लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही लागण होते, हा इशारा अगदी सुरुवातीला दिला तो म्युनिकच्या डॉ. कॅमिला रोथे यांनी. जानेवारी २०२० मध्ये एका कंपनीचा कर्मचारी त्यांच्याकडे तपासणीला आला आणि बाधित निघाला. शांघायहून आलेल्या सहकारी महिलेबरोबर तो बैठकीला बसला होता. ती परतताना आजारी पडली. म्युनिकमध्ये असताना मात्र ठणठणीत दिसत होती. ३० जानेवारीला रोथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं पत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं.

लगेच टीका सुरू झाली. त्या पाहुणीला म्युनिकमध्येच थोडा थकवा, अंगदुखी जाणवली होती आणि पत्र लिहिणाऱ्यांनी तिच्याशी थेट बोलून घेतलं नव्हतं. आक्षेप खरा होता, पण त्याच्या गदारोळात मूळ इशाराच मागे पडला. पुढे लागणीच्या याच साखळीचा बारकाईने शोध घेतला गेला, तेव्हा कँटीनमधला एक प्रसंग हाती आला. दोन कर्मचारी पाठीला पाठ लावून वेगवेगळ्या टेबलांवर जेवत होते. एकाने वळून दुसऱ्याकडे मीठ मागितलं. त्यांच्यातला बाधित कर्मचारी तेव्हा आजारी पडलेलाही नव्हता, तरी दुसऱ्याला लागण झाली!

मुळात याचं गणित २००४ मध्येच मांडलेलं होतं. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमधले क्रिस्टोफ फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की साथ आटोक्यात येणार की नाही हे लक्षणांआधी किती प्रसार होतो यावरही ठरतं. २००३ च्या सार्समध्ये विषाणूचं प्रमाण आजाराच्या दहाव्या दिवसाच्या आसपास शिगेला पोहोचायचं. तोवर रुग्ण सहसा इस्पितळात असे. म्हणूनच रुग्णांना वेगळं ठेवून ती साथ थोपवता आली.

कोविडने ती सवड दिली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीतल्या व्हो गावात बहुतेक सगळ्या रहिवाशांची चाचणी झाली. बाधितांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना लक्षणंच नव्हती, आणि त्यांच्या नाकाघशातला विषाणू आजाऱ्यांपेक्षा कमी नव्हता. दारात कपाळापुढे धरलेल्या तापमापकाला अशी माणसं सापडणार नव्हती. चाचणीत ती सापडली. त्यांना घरीच वेगळं ठेवल्यावर गावातली साथ ओसरली.