समुद्रकांठची सहल आणि तिथीचें गणित

सुटीचा दिवस जवळ आला कीं मुंबईच्या घरोघरीं एकच प्रश्न निघतो : 'मुलांना न्यावें कोठें?' राणीचा बाग, वस्तुसंग्रहालय, हँगिंग गार्डन हीं स्थळें सर्वांच्या परिचयाचीं आहेत, आणि तेथें जाण्यास घड्याळ व खिसा हीं दोन साधनें पुरतात. परंतु या नगरीचें खरें वैभव तिच्या किनाऱ्यावर आहे. आणि किनाऱ्यावर जावयाचें तर तिसरें एक साधन लागतें, तें म्हणजे पंचांग. हें ऐकून कांहीं श्रोत्यांस हसूं येईल. पण मी मुहूर्ताविषयीं बोलत नाहीं. भरती-ओहोटीविषयीं बोलत आहें.

माझ्या मास्तरकीच्या आरंभींची एक गोष्ट सांगतों. पौर्णिमेच्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां बावीस मुलांना घेऊन मी वरळीच्या बाजूस खडकांवर गेलों. पाणी दूर हटलेलें होतें. मुलें खेंकडे व शंख पाहण्यांत रमलीं, आणि त्यांच्याबरोबर मीहि रमलों. दहाच्या सुमारास मागें वळून पाहतों तों ज्या सखल वाटेनें आम्ही आलों ती कमरेइतक्या पाण्याखालीं गेलेली! समोरचें पाणी आम्हांस दिसत होतें. पाठीमागच्या घळींतून शिरलेलें दिसलें नाहीं. एक मुलगा घाबरून पाण्यांत उतरला आणि त्याचे पाय सुटले. जवळच जाळें आवरीत असलेल्या एका कोळ्यानें त्यास वर ओढलें आणि होडीच्या चार खेपा करून सर्वांना कांठावर पोंचविलें. नंतर तो मला एवढेंच म्हणाला, "मास्तर, आज तिथ कंची?" मला उत्तर देतां आलें नाहीं. भरती कां येते हें मी फळ्यावर आकृति काढून शिकवीत असें. ती केव्हां येते हें मात्र मला ठाऊक नव्हतें.

तें गणित अगदीं सोपें आहे. चंद्राच्या आकर्षणामुळें समुद्राचें पाणी दिवसांतून सामान्यतः दोनदां चढतें व दोनदां उतरतें. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां उगवतो, म्हणून भरतीहि रोज तितकीच मागें पडते. आपल्या किनाऱ्यावरील जुना नियम असा कीं, तिथीचा आंकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. तितके वाजतां पूर्ण भरती येते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां, आणि पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. हीच वेळ दिवसा व रात्रीं दोन्ही वेळां धरावी आणि त्यापुढें सहा तासांनीं ओहोटी समजावी. यांत अर्ध्या-एक तासाचा फरक पडूं शकतो, म्हणून निघण्यापूर्वीं त्या दिवसाचें भरतीचें कोष्टक वर्तमानपत्रांत किंवा मोबाइलवर अवश्य पाहावें. नियम बेत ठरविण्यासाठीं आहे. कोष्टक पाऊल टाकण्यासाठीं.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येऊन उधाण येतें; त्या सुमारास मुंबईस पाण्याचा चढउतार चार मीटरांहूनहि अधिक होतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हां पाणी फार चढत नाहीं आणि फार हटतहि नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, पाणी सारख्या वेगानें चढत नाहीं. चढाच्या सहा तासांपैकीं पहिल्या तासांत तें हळूहळू येतें. परंतु तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून जवळजवळ अर्धें पाणी येतें. पौर्णिमेस ओहोटी सहाची. म्हणजे आठ ते दहा हेच ते दोन तास. माझी चूक नेमकी येथें झाली होती.

आतां हें गणित सहलींस लावूं. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं त्याचें काम आरंभिलें आणि पुढें कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचें तें मुख्य ठाणें झालें. ओहोटीस तेथें पायीं जातां येतें. भरतीस होडी लागते. अष्टमीस दुपारीं बारा वाजतां ओहोटी, हें सोयीचें वाटेल. पण भांगामुळें वाटेंत पाणी राहण्याचा संभव असतो. त्यापेक्षां तृतीया-चतुर्थी बरी. ओहोटी साडेआठ-नऊची असते. पाणी उतरत असतांनाच जावें आणि तें फिरण्याच्या सुमारास परतीची वाट धरावी.

शिवडीच्या चिखलाटीवर रोहित पक्षी पाहावयाचे तर हिशेब उलटा. ते हिंवाळ्याच्या आरंभीं येऊन मे महिन्यापर्यंत राहतात. पूर्ण ओहोटीस ते दूर असतात आणि पूर्ण भरतीस चिखल बुडाल्यानें निघून जातात. चढतें पाणी मात्र त्यांना कांठाकडे लोटीत आणतें. म्हणून त्रयोदशीसारखा, दहाच्या सुमारास भरतीचा दिवस धरून सातलाच तेथें पोंचावें. ठाण्याच्या खाडीस २०२२ सालीं रामसर स्थळाचा मान मिळाला आहे. ऐरोलीहून त्या खाडींत होडीनेंहि जातां येतें, परंतु ती फेरी भरतीच्याच वेळीं असते.

घारापुरीस जाण्यास गेटवेहून लाँचीनें सुमारें एक तास लागतो. सोमवारीं लेणीं बंद असतात. तेथील सुमारें वीस फूट उंचीच्या त्रिमूर्तीपुढें मुलांना पांच मिनिटें निमूटपणें उभें करावें, मग बोलावें. मात्र १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच मार्गावर प्रवाशांच्या बोटीस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेक जीव गेले, हें विसरूं नये. बोटींत पाऊल टाकतांच मुलाच्या अंगांत लाइफ जॅकेट घालून त्याचे बंद आपल्या हातानें बांधावे. बोट भरून गेली असेल तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. आणि पावसाळ्यांत लाटा पाहण्यासाठीं खडकांवर वा बंधाऱ्यावर मुळींच जाऊं नये. त्या घरांतून दूरवरच शोभतात.

शेवटीं एक विनंति. हें गणित वडिलांनीं करूं नये; तें मुलांस करावयास द्यावें. आदल्या रात्रीं त्यांनीं तिथी पाहावी, पाऊणपट करावी, कोष्टकाशीं ताडून पाहावी आणि परतण्याची वेळ त्यांनींच ठरवावी. मग सहल सुखाची होते, आणि कोणीं 'आज तिथ कंची?' असें विचारलें तर निदान त्यांना तरी माझ्यासारखी मान खालीं घालावी लागणार नाहीं.