मोटारीच्या अंगाची मालगाडी

इ. स. १९३४ मध्यें ऑस्ट्रेलियांत फोर्ड कंपनीनें मोटारीच्याच अंगास मागें हौदा जोडून गाडी काढली. रविवारीं प्रार्थनेस व सोमवारीं डुकरें घेऊन बाजारास जातां यावें, अशी एका शेतकरणीची मागणी होती असें सांगतात. २००५ सालीं अमेरिकेंत आलेली होंडाची रिजलाइन याच कुळांतली. निराळी चासी नसल्यानें ती दचके कमी देते, वळणावर स्थिर राहते. परंतु माणसें धरून ओझ्याची मर्यादा सुमारें ७०० किलो! तिघांचे २०० किलो वजा जातां ४० किलोचीं धानाचीं पोतीं बसतात अवघीं बारा. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या धानवाल्याचें एवढ्यानें काय भागणार? भामरागडकडील नाले व चिखलाच्या चाकोऱ्या यांतून रोज ओझें ओढावयाचें, तर लोखंडी चासीचीच गाडी बरी, असें आमचें मत आहे. डांबरी वाटेनें भाजीपाला व घरचीं माणसें नेणाऱ्यास मात्र अशी गाडी सोयीची. पण रिजलाइन आपल्या देशांत विकलीच जात नाहीं.