पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट : वैद्यकीय उपयोग

मिथिल मेथॅक्रिलेट या द्रवरूप एकवारिकाचे रेणू एकमेकांस जोडून लांब साखळ्या बनविल्या असता (बहुवारिकीकरण) मिळणारे काचेसारखे पारदर्शक, कठीण संश्लिष्ट प्लॅस्टिक. पर्स्पेक्स, प्लेक्सिग्लास या व्यापारी नावांनी ते १९३०–४० या दशकात प्रचारात आले. विमानांच्या खिडक्या व दुकानांच्या पाट्या यांसाठी वापरले जाणारे हे द्रव्य कवळी, डोळ्यातील भिंग व अस्थि-सिमेंट या रूपांनी वैद्यकातही रुजले. तथापि शरीर ते सहन करील की नाही, हे त्याच्या नावावरून ठरत नाही. ते कसे तयार केले व त्यात काय शिल्लक राहिले, यावरून ठरते.

याची घनता काचेच्या निम्म्याहून कमी (सु. १·१९ ग्रॅ./घ. सेंमी.) असून प्रणमनांक १·४९ आहे. दृश्य प्रकाशाचा सु. ९२ टक्के भाग त्यातून पार जातो. सु. १०५° से. तापमानास ते मऊ पडू लागत असल्याने दाबाखालील वाफेने त्याचे निर्जंतुकीकरण करता येत नाही. त्यासाठी सामान्यतः एथिलीन ऑक्साइड वायू वापरतात.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या पारदर्शक छतांचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून राहिले, तरी त्यांच्यामुळे फारसा दाह होत नाही, असे ब्रिटिश नेत्रशल्यचिकित्सक हॅरल्ड रिडली यांना आढळले. त्यावरून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी या द्रव्याचे भिंग प्रथम डोळ्यात बसविले. भिंगासाठी नेहमीचे व्यापारी पर्स्पेक्स न घेता एकवारिकाचा अंश अत्यल्प असलेला खास प्रकार तयार करविला होता. तरीही आरंभीच्या काही रुग्णांत दाह झालाच. भिंगावर राहिलेला जंतुनाशकाचा अंश हे त्याचे एक कारण होते. शिवाय सु. ११२ मिग्रॅ. वजनाचे ते भिंग जड असल्याने जागेवरून सरकत असे.

भारतात ही पद्धत सर्वदूर पोहोचण्यास बराच काळ लागला. पूर्वी मोतीबिंदू त्याच्या आवरणासह काढून टाकीत आणि रुग्णास सु. +१० डायॉप्टर शक्तीचा जाड चष्मा देत. त्यातून वस्तू चतुर्थांशाने किंवा त्याहूनही मोठी व जवळ दिसे आणि कडेच्या दृश्याचा एक पट्टा नाहीसा होई. वर्षाला ५,००० मिमी. हून अधिक पाऊस पडणाऱ्या, चढउतारांच्या गगनबावडा (जि. कोल्हापूर) परिसरात अशा चष्म्यानिशी ओल्या बांधावरून चालणे किती जिकिरीचे असेल, हे सहज ध्यानात येते. चष्मा हरवला वा फुटला की शस्त्रक्रिया झालेला माणूस पुन्हा जवळजवळ अंध होई. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पामुळे आवरणाचा मागील भाग राखून भिंग बसविण्याच्या पद्धतीस मोठी चालना मिळाली. मदुराई येथे १९९२ मध्ये भिंगनिर्मिती सुरू झाल्याने किंमतही उतरली. घडी करता येणारी मऊ भिंगे ३ मिमी. हून लहान छेदातून आत सरकविता येतात. हे कठीण भिंग घडी होत नसल्याने त्याला सु. ६ मिमी. छेद लागतो. परंतु तो छेद विशिष्ट प्रकारे घेतल्यास टाके न घालताही मिटतो. त्यामुळे कमी खर्चाच्या शस्त्रक्रियेत या भिंगाचे स्थान टिकून आहे.

अस्थि-सिमेंटात मात्र बहुवारिकीकरण शस्त्रक्रियेच्या मेजावरच घडवून आणतात. बहुवारिकाची भुकटी व द्रव एकवारिक एकत्र कालविले की बेंझॉइल पेरॉक्साइड व प्रवेगक यांच्यामुळे विक्रिया सुरू होते आणि कणकेसारखा झालेला लगदा काही मिनिटांत घट्ट होतो. जॉन चार्न्ली यांनी १९५८ पासून कृत्रिम खुब्याचा दांडा बसविण्यासाठी तो वापरला. नाव सिमेंट असले, तरी ते हाडाला डिंकाप्रमाणे चिकटवीत नाही. पोकळी भरून हाडाच्या जाळीत घुसते व दांडा आवळून धरते. विक्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्याने जाड थर लगतच्या हाडास भाजू शकतो. रक्तात गेलेला एकवारिकाचा अंश व दाबाने रक्तात शिरलेले मज्जेतील मेदाचे कण यांच्यामुळे क्वचित रक्तदाब एकाएकी घसरतो. म्हणून त्या क्षणी भूलतज्ज्ञास विशेष सावध राहावे लागते. क्ष-किरण चित्रात सिमेंट दिसावे यासाठी त्यात बेरियम सल्फेट मिसळतात.

कवळीसाठी १९३७ च्या सुमारास हे बहुवारिक काळसर रबराच्या जागी आले. ते हिरड्यांसारखे रंगविता येते. पण नीट न शिजविलेल्या कवळीतील उरलेल्या एकवारिकाने तोंडाची आग होते.

हाडाच्या जुनाट पूयुक्त विकारात जेंटामायसीन मिसळलेले याचे मणी पोकळीत ठेवतात. त्यांतून औषध हळूहळू पाझरते. मणी शरीरात विरघळत नसल्याने ते बहुधा नंतर काढून घ्यावे लागतात.